अकरा जणींतला आवाज

रेडिओ बंद होता आणि सात माणसे त्याच्याकडे पाहत बसली होती.

गोपाळरावांच्या सुताच्या दुकानामागची ती खोली दर रविवारी आवाजाने भरलेली असे, कारण भंडाऱ्याच्या श्रोता मंडळाची बैठक तिथेच भरे. आज मात्र मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव यांनी रेडिओचा कान स्वतःच्या हाताने पिळला होता, एक पत्र मोठ्याने वाचले होते आणि घडी घालून खिशात ठेवले होते. त्यानंतर जी शांतता उतरली, ती साधी नव्हती. ती सुताच्या गठ्ठ्यांवर ऐसपैस बसली. त्या शांततेत प्रत्येकाच्या मनात स्वतःचे नाव होते आणि ते दुसऱ्या कुणीतरी उच्चारावे अशी प्रत्येकाची अपेक्षा होती.

पत्र नागपूरच्या केंद्राचे होते. भंडाऱ्याच्या जीवनावर पंधरा मिनिटे बोलू शकेल असा एक गुणी आवाज मंडळाने निवडून पाठवावा, एवढेच त्यात लिहिले होते.

"एकच म्हणते का जी?" मारोतरावांनी विचारले.

"एकच," गोपाळराव म्हणाले.

"दोघं मिळून साडेसात साडेसात मिनिटं..."

"एकच म्हणते."

ते १९७९ साल होते. शहरात रेडिओ केंद्र नव्हते, पण रेडिओवरची माणसे होती. ज्याचा आवाज एकदा नागपूरपर्यंत जाऊन हवेतून परत आला, तो माणूस पुन्हा कधी पूर्वीसारखा राहत नसे. पितळी भांड्यांचे व्यापारी भैय्यालाल दोन वर्षांपूर्वी भांड्यांच्या निगेविषयी चार मिनिटे बोलले होते. तेव्हापासून ते गिऱ्हाईकाला भाव सांगण्यापूर्वीही 'नमस्कार' म्हणत आणि क्षणभर थांबत. सानगडीचे मारोतराव धानावरच्या तुडतुड्यांविषयी तीन वाक्ये बोलले होते. देह गोण्या उचलणाऱ्याचा आणि आवाज मात्र वेलीच्या तंतूसारखा बारीक, अशी निसर्गाने त्यांची थट्टा केली होती. तिसऱ्या होत्या शाळेतल्या विजयमालाबाई. पेरूच्या जेलीवर त्यांनी जे भाषण केले, ते ऐकून शहरात पेरू महागले होते, असे त्यांचेच म्हणणे होते.

"मी माझं नाव सुचवत नाई," भैय्यालाल म्हणाले, "पन कोनी सुचवलंच, त मी नाई बी म्हणणार नाई."

"निवड निःपक्षपाती व्हायला पाहिजे," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण निःपक्षपाती निवड आपल्याच बाजूने होईल याविषयी तिघांच्याही मनात शंका नव्हती.

गोपाळरावांची नजर कोपऱ्याकडे वळली. तिथे आनंदराव बसले होते. विणकर माणूस, सकाळच्या पहिल्या धुनेपासून रात्रीच्या शेवटच्या बातम्यांपर्यंत मागावर बसून रेडिओ ऐकणारा, कधी रेडिओवर न गेलेला आणि कधी एक पोस्टकार्डही न टाकलेला.

"परीक्षक म्हणजे आनंदभाऊ," गोपाळराव म्हणाले. "दुसरा कान नाई ह्या शहरात. अकरा जणींतून आवाज ओळखणारा मानूस हाय."

खोलीतल्या माणसांनी एकदम श्वास सोडला. फक्त आनंदरावांचा श्वास तिथेच अडकला.

अकरा जणींची ती गोष्ट अख्ख्या विणकर आळीला पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी आनंदरावांच्या पत्नी रत्नाबाई आळीतल्या भजन मंडळाबरोबर नागपूरला गेल्या होत्या. अकरा बायका, एक भजन, चार मिनिटे. पुढल्या आठवड्यात ते प्रक्षेपित झाले, तेव्हा रत्नाबाई माहेरी होत्या. परत आल्यावर त्यांनी उंबऱ्यातच विचारले, "ऐकलं का जी?" आणि आनंदराव म्हणाले, "ऐकलं म्हणजे? तिसऱ्या ओळीत तुझा आवाज येगळाच ओळखू आला."

खरे असे होते, की त्या सकाळी रेडिओचे सेल मान टाकून बसले होते. आनंदरावांनी ते अंगणात उन्हात वाळत घातले होते. सेलांत पुन्हा जीव आला तेव्हा रेडिओवर बाजारभाव चालू होते. एखादे असत्य बोलून टाकणे सोपे असते. ते घरात वाढते, मोठे होते, माणसात जाऊ लागते, तेव्हा त्याची लाज वाटू लागते. रत्नाबाईंनी ते विहिरीवर सांगितले, बाजारात सांगितले, लग्नांतून आणि बारशांतून सांगितले: ह्यायनं मले अकरा जणींतून ओळखलं. नऊ वर्षांत त्या असत्याला आनंदरावांपेक्षा अधिक मान मिळू लागला होता.

"मले नाई जमत," आनंदराव म्हणाले.

"काहून?"

आनंदरावांनी जे कारण दिले ते खरे होते, आणि ते इतके विचित्र होते की सगळे प्रकरण तिथेच संपेल अशी त्यांना आशा वाटली. "हात रिकामे असले, का माझ्या कानात काई शिरतच नाई. मागावर बसलो, तवाच ऐकू येते. आन् माग त खड्ड्यातला. तो काई उचलून स्टेजवर आनता येत नाई."

गोपाळरावांनी थोडा विचार केला. "मग स्पर्धाच तुमच्या घरी घेऊ."

"घर लहान हाय जी."

"भंडाऱ्यातले रेडिओवाले तीन. लहान घर पुरते."

"चार," विजयमालाबाई म्हणाल्या. "रत्नाबाई पण आहेत की. अकरा जणी रेडिओवर गेल्या, पण ओळखू आल्या त्या एकट्याच."

"चार," गोपाळरावांनी टिपून घेतले.

आनंदराव घाईने म्हणाले, "तिले नाई जमणार. आता मागावर करवती काठाचं लुगडं हाय. काठाच्या सुताचा धोटा डाव्या अंगानं तिलेच टाकावा लागते. एकट्यानं होत नाई."

"तिच्या पाळीपुरती शेजारची कुंताबाई बसन. तिले येते ते काम." गोपाळराव समाधानाने उठले. "परदा लावू. नाव नाई सांगायचं, नंबर सांगायचा, आन् दर नंबरले दहा मिनिटं. तुमी आवाज ऐका, गुन द्या, आन् नाव बी सांगून टाका. लोकायले मजा येईन."

त्या रात्रीपासून आनंदराव आपल्या पत्नीचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न करू लागले. वीस वर्षे एकाच मागाच्या दोन टोकांना बसूनही तो आवाज आपल्या ओळखीचा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते हादरले. तो नेहमी मागाच्या खटखटीखालून आणि रेडिओखालून वाहत आला होता, पुलाखालच्या पाण्यासारखा; पूल वापरणाऱ्याने कधी वाकून पाहिले नव्हते. ते जेवताना डोळे मिटून बसू लागले.

"मीठ कमी पडलं का जी?" रत्नाबाई विचारत.

"पुन्हा म्हण."

"काय म्हणू?"

"तेच. मीठ."

"डोळे काहून मिटून राहिले तुमी? ताप त नाई आला?"

चौथ्या दिवशी त्यांनी सरळच सांगून पाहिले. "तू नाई म्हणून दे. मी परीक्षक, तू बायको. लोक काय म्हणतीन?"

रत्नाबाई धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होत्या. "लोक काय म्हणतीन? परदा रायते ना मधात." त्यांनी दातांनी सूत तोडले. "आन् तुमाले माझा आवाज ओळखाले कायची अडचण हाय? तुमी त अकरा जणींतून ओळखला."

आनंदरावांनी अर्धे ताट सोडून हात धुतले.

रविवारी सकाळी दहा वाजता मंडपवाल्याने स्वयंपाकघरात माइक ठेवला, दाराला चादर टांगली आणि रेडिओच्या फळीवर भोंगा चढवला. बाहेरच्या खोलीत तीस माणसे मावली. बाकीची खिडकीत, ओट्यावर आणि समोरच्या भिंतीवर होती. आनंदराव पाय खड्ड्यात सोडून मागावर बसले. डावीकडे रत्नाबाई बसल्या. त्यांचा चौथा नंबर निघाला होता, त्यामुळे तोवर धोटा त्यांनाच टाकायचा होता.

"मी आकडे देणार नाई," आनंदरावांनी शेवटचा आडोसा उभा केला. "करवतीचे दात मोजा. ज्याच्या आवाजानं दात सारखे पडतीन, तो आवाज खरा. दर नंबरले काठात लाल दोरा बांधतो. पुढचं कापड सांगन."

काठावरचे करवतीचे दात सारखे पडायला दोन्ही विणणाऱ्यांचे चित्त एका जागी लागते, हे आळीतले पोरदेखील जाणत होते. लोकांना कल्पना फार आवडली. पहिला लाल दोरा बांधला गेला.

"नंबर एक," गोपाळरावांनी घोषणा केली.

"नमस्कार," भोंगा म्हणाला, आणि थांबला. "पितळ हे घराचं सोनं हाय. ते कसं सांभाळावं, हे आपन उदाहरनासहित पाहू. मी अत्ता एका स्वयंपाकघरात बसून हावो. माझ्या समोर एक पान्याचा गुंड हाय. ह्या गुंडाले चिंच लागून किती महिने झाले असतीन, ते मी श्रोत्यायवर सोपवतो."

तीस माणसे रत्नाबाईंकडे पाहू लागली. डावीकडून येणारा धोटा असा आला, की आनंदरावांच्या करंगळीचे नख त्यात सापडले. पुढे भैय्यालाल परात, घंगाळ आणि दिव्याची समई असे एकेक घेत गेले. दहा मिनिटांत करवतीचे जे दात पडले, ते पाहून कुणालाही म्हाताऱ्याचे तोंड आठवावे.

"नाव?" गोपाळरावांनी विचारले.

"भैय्यालालजी," आनंदराव म्हणाले. खोलीतून कौतुकाची लहर गेली.

नंबर दोनने तुडतुड्यांविषयी तीन वाक्ये सांगितली, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये खोकला काढला आणि 'धन्यवाद' म्हटले. मग भोंगा नुसताच घुमत राहिला.

"अजून नऊ मिनिटं हाय," गोपाळराव चादरीशी जाऊन कुजबुजले.

"रेडिओवर बी एवढंच होतं जी," भोंगा बारीक आवाजात म्हणाला, आणि ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

"मारोतराव," आनंदरावांनी सांगितले. पुन्हा कौतुक झाले. आनंदरावांना धीर येऊ लागला. पितळ म्हणजे भैय्यालाल, धान म्हणजे मारोतराव. कानाला काही करायचेच नव्हते.

नंबर तीनने पेरूची जेली नुसती सांगितली नाही, करायला घेतली. स्टोव्हचा पंप भोंग्यातून असा वाजू लागला की अंगणातली शेळी दोर तोडून गेली. मधेच भोंग्याने विचारले, "साखर कुठे ठेवता, रत्नाबाई?"

"वरच्या फळीवर, हळदीच्या मागं," डावीकडून उत्तर गेले.

तो आवाज कसा होता, हे टिपून ठेवायला हवे होते. पण ही गोष्ट आनंदरावांना उत्तर विरून गेल्यावर सुचली. ते उत्तर आले तेव्हा ते दात मोजत होते.

"विजयमालाबाई," ते म्हणाले. आता टाळ्याही पडल्या. तीन नावे संपली होती. चौथे नाव सांगायला कानाची गरजच उरली नव्हती, आणि या साध्या हिशेबाने त्यांच्या छातीवरचे नऊ वर्षांचे ओझे उतरू लागले. त्यांनी चौथा लाल दोरा बांधला आणि कुणाचेही तोंड पाहायला नको म्हणून डोळे काठात रोवले.

"नंबर चार."

डावीकडे पदर सळसळला. जागा बदलली असावी. भोंगा गप्प होता. एक मिनिट गेले. आनंदराव विणत होते. डावीकडून धोटा येत होता, वेळेवर, मऊ, बोटांत आपण होऊन बसणारा. कुंताबाईचा हात इतका तयार असेल असे त्यांना वाटले नव्हते. मग भोंग्यातून एक भजन आले: बारीक, थोडे कापरे, तालाच्या मागून चालणारे, जणू पाणंदीने एकटीच निघालेली बाई. त्या स्वरात काही विशेष नव्हते. पण आनंदरावांचे मन भरून आले. हाच तो आवाज. वीस वर्षे पुलाखालून वाहिलेला. आज तो त्यांनी वाकून पाहिला होता. करवतीचे दात एकामागून एक सरळ पडू लागले.

भजन संपण्याचीही वाट न पाहता त्यांनी हात वर केला.

"हा रत्नाचा आवाज," ते म्हणाले. "शंभरातून ओळखन मी. तिसऱ्या ओळीत सूर जरासा झुकते तिचा. त्या दिवशी बी तिथंच झुकला होता. अकरा जणी होत्या, पन झुकला तो एकच."

टाळी कुणीच वाजवली नाही.

"आनंदभाऊ," खिडकीतून कुंताबाई म्हणाली, "मी अठी हावो. मले त कोनी बलावलंच नाई."

आनंदरावांनी सावकाश डावीकडे मान वळवली. रत्नाबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. तळहातात धोटा होता. त्या त्याच्याकडे अशा पाहत होत्या, की जणू तो काय म्हणतो ते ऐकायचे होते.

चादर बाजूला झाली आणि मिशांसकट मारोतराव बाहेर आले.

"कोनी बोलूनच नाई राह्यलं," ते संकोचाने म्हणाले. "मशीन चालू, लोक बसून. म्हटलं, खोळंबा कायले करा? आमच्या गावात भजनाले मी बायकायच्या बाजूनंच म्हणतो जी. मले वरचा सूर लागते."

त्यानंतर जे झाले, त्यात सगळे एकदमच बोलत होते. मंडळाच्या दोघांनी काठ उचलून उजेडात धरला. शंकेला जागा नव्हती. चौथ्या दोऱ्यापुढचे दात असे होते, की सोनाराने मोजून लावावेत.

"चौथा नंबर पहिला," गोपाळराव म्हणाले.

"चौथा नंबर म्हणजे कोन पन?" भैय्यालालांनी विचारले. "मारोतराव दुसरे होते. दुसरेच चौथे कसे काय? एक मानूस दोनदा बोलला, तो बाद."

"बाद करा," मारोतराव म्हणाले, "पन परीक्षकायले आवडलो, हे लिहून ठेवा."

"आणि विणणारा हात तर रत्नाबाईंचाच होता," विजयमालाबाई जेलीचा पळा हातात घेऊन म्हणाल्या. "मग हे दात आवाजाचे की हाताचे?"

गोपाळराव वीस वर्षे अध्यक्ष होते, आणि अध्यक्ष वीस वर्षे टिकतो तो उगाच नव्हे. त्यांनी खिशातून स्पर्धेचे छापील पत्रक काढले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. परीक्षक काय म्हणले? रत्नाबाई म्हणले. तीस जनायनं ऐकलं. विषय संपला."

"त्या बोलल्याच नाईत," भैय्यालाल म्हणाले.

"निर्णयात तसं काई नाई."

"मग नागपूरले पंधरा मिनिटं काय गप बसतीन का?"

रत्नाबाईंनी धोटा खाली ठेवला. दिवसभरात प्रथमच त्या आपणहून बोलल्या.

"जातो मी," त्या म्हणाल्या. "बोलतो बी. दुसऱ्याच्या घरातला गुंड पाहून मानूस किती मोठा आवाज काढते, त्याच्यावर पंधरा मिनिटं पुरत नाई, पन पुरवतो."

भैय्यालाल 'नमस्कार' म्हणाले आणि या वेळी त्यापुढे काहीच बोलले नाहीत.

दुपारपर्यंत घर रिकामे झाले. मंडपवाला भोंगा घेऊन गेला. जेलीचे पातेले जळाले होते, ते अंगणात पाण्यात भिजत होते. आनंदराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसले होते. रत्नाबाई जमिनीवर सांडलेल्या रिकाम्या कांड्या वेचून टोपलीत टाकत होत्या. कांडीवर कांडी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू उठली काहून नाई?" शेवटी त्यांनी विचारले. "घसा बसला होता का?"

"आज नाई," रत्नाबाई म्हणाल्या. "तवा बसला होता."

"कवा?"

"नऊ वर्षांआधी. यष्टीत खिडकीपाशी बसलो, वारा लागला, घसाच गेला. नागपूरले पोचलो त शब्द निघे ना. बाकीच्या दहा जणींनी म्हटलं. मी नुसतं तोंड हालवलं, कोनाले कळू बी देलं नाई." त्यांनी मागाखाली हात घालून एक कांडी ओढून काढली. "रेडिओत माझा आवाज नोहताच जी."

आनंदरावांनी समोरच्या काठाकडे पाहिले. करवतीचे ते सुरेख दात त्यांच्याकडे पाहून हसत असावेत. नऊ वर्षे, विहीर, बाजार, लग्ने, बारशी. हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी रत्नाबाई पदर सावरून, मान ताठ करून तेच वाक्य सांगत उभ्या होत्या.

"म्हणजे तुले त पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले. "मग मले अकरा जणींतून ओळखलं, मले अकरा जणींतून ओळखलं, हे नऊ वर्षं गावभर सांगत काहून फिरली?"

"वीस वर्षांत तेवढंच एक गोड बोलले तुमी," म्हणत रत्नाबाईंनी शेवटची कांडी टोपलीत टाकली, टोपली कमरेवर घेतली आणि त्या आत निघून गेल्या.